बाहेरची खुर्ची

नळाखाली हात धरून तो उभा होता आणि पाणी येत नव्हतं. या नळाला चाकी नव्हती, दांडी नव्हती, फिरवायला किंवा दाबायला काही म्हणजे काही नव्हतं. मागच्या आठवड्यापर्यंत खात्याच्या या प्रसाधनगृहात साधे पितळेचे नळ होते. ते काढून कुणीतरी हे लांब मानेचे बसवले होते, समोर हात आला की आपोआप सुटणारे. त्याचे हात तर आले होते. त्याने ते पुढे नेले, मागे घेतले, उलटे केले, पालथे केले. शेजारी खात्यातला एक कारकून आला, त्याने हात धरले, पाणी आलं, त्याने हात धुतले, 'नमस्कार साहेब' म्हणाला आणि गेला. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. उमेदीची वीस-बावीस वर्षं ज्याने नळ बनवण्यात आणि विकण्यात घालवली त्याने नळापुढे असे हात पसरायचे, आणि नळाने त्याला ओळखही द्यायची नाही. आत काही अडकलंय का म्हणून तो वाकून पाहायला गेला तेवढ्यात पाणी धाडकन सुटलं आणि उजवी बाही कोपरापर्यंत चिंब झाली. मग ते थांबेना. रुमाल काढून बाही पिळत त्याने त्या यंत्राला मनातल्या मनात जे काही म्हटलं ते शुल्क समितीच्या अध्यक्षाला शोभणारं नव्हतं.

तो शुल्क समितीचा अध्यक्ष होता आणि बैठकीची मधली सुट्टी संपत आली होती. परदेशातून येणाऱ्या कुठल्या मालावर किती शुल्क लावायचं हे ती समिती ठरवायची. आणि सुट्टीनंतरचा पहिला विषय होता नळ आणि नळाच्या जोडण्या. देशात नळ बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि त्यांतला एक दादाचा होता, त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. सकाळी तो बूट घालत असताना वहिनीचा फोन आला होता. "भाऊजी, हे आज साचे देऊन टाकायचं म्हणतायत. जुने सगळे द्यायचे आणि नवे मागवायचे. संध्याकाळी हो की नाही सांगायचंय. तुम्ही एकदा येऊन जा. बोलू नका काही हवं तर, नुसते बसा." बोलू नका हवं तर, असं वहिनी म्हणाली म्हणजे तिला सगळं कळत होतं. शुल्क टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत उतरवायचं असा खात्याचा प्रस्ताव आहे, ही कुजबूज बाजारात कधीच पोचली होती. त्या हिशेबाने नव्या साच्यांचा खर्च निघून कारखाना तग धरेल, असं दादाचं गणित. त्याने स्वतः तो प्रस्ताव वाचला नव्हता. त्याच्या टेबलावर आला तेव्हा लिफाफा न फोडता परत पाठवला होता, आणि परत पाठवल्याचं सगळ्यांना दिसेल अशा बेताने पाठवला होता. घरच्या माणसाचा विषय आला की आपण उठून बाहेर जायचं, हा त्याचा नियम होता. नियम खात्याचाही होता, पण खात्यात तो पाळणारा हा एकटाच.

ओली बाही मनगटाला चिकटत होती आणि कॉरिडॉरमधून चालताना त्याला उगाच वडिलांचं दुकान आठवलं. दुकान कसलं, एक लेथ, एक बाकडं आणि कोपऱ्यात पितळेच्या भंगाराचा ढीग. वडील गेल्यावर दादाने भट्टी सांभाळली आणि याने नमुन्यांची पिशवी. दादा तयार नळ डोळे मिटून दोन बोटांनी बंद करायचा. शेवटचा पाव फेरा हाताला जसा लागायचा त्यावरून नळ पास की नापास ते सांगायचा, आणि नापास नळ न बोलता पुन्हा भट्टीशेजारच्या पेटीत टाकायचा. याला कधी ते जमलं नाही. याला बोलणं जमायचं. गावोगाव फिरून याने ते नळ अशा लोकांना विकले ज्यांच्या घरात अजून नळाचं पाणी आलेलं नव्हतं. कारखाना वाढला, मग हा कारखानदारांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, आणि मग ते वर्ष आलं ज्यात चलन गडगडलं आणि बँका एकामागून एक शटर ओढायला लागल्या. मंत्र्यांनी बोलावलेल्या एका बैठकीत अर्थतज्ज्ञ सकाळपासून बोलत होते, आणि याला भूक लागली होती, आणि हा वैतागून म्हणाला, घरात पाणी साचलं तर शहाणा माणूस आधी नळ बंद करतो, मग फडकं शोधतो. बस. एक वाक्य, तेही उपाशीपोटी. बँकवाल्यांना तेव्हा तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, मंत्र्यांना बाहेरचा माणूस हवाच होता. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की वर्ष संपायच्या आत हा मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर झाला. पुढची सगळी वर्षं व्यंगचित्रकारांनी त्याला हातात नळ दिल्याशिवाय काढलं नाही. व्याजदर वाढवला की नळ बंद करणारा, कमी केला की नळ सोडणारा. नातवंडांच्या शाळेतसुद्धा त्याला नळवाले आजोबा म्हणत. बँकेतून निवृत्त होऊन तो शुल्क समितीवर आला तरी चलन सावरलं हे कुणाला आठवत नव्हतं, नळ मात्र सगळ्यांना पाठ होता.

व्याज वाढलं तशी घरं बांधायची थांबली, घरं थांबली तसे नळ विकायचे थांबले. दादाचा कारखाना आठवड्यातले निम्मे दिवस बंद राहू लागला. दादा तक्रारीचा शब्द बोलला नाही. जेवायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बंद केलास ते बरोबरच केलंस. पण फार घट्ट फिरवलास रे." त्याच्या आधी, नेमणूक झाली त्या आठवड्यात, याने आपला कारखान्यातला हिस्सा दादाच्या नावावर करून दिला होता. दादाने न वाचता सही केली आणि विचारलं, "म्हणजे आता मी एकटाच?" हा म्हणाला, "कागदोपत्री." किती सफाईने म्हणाला होता. तेव्हा अजून त्याला बँकेची भाषा शिकायची होती, पण अंगात उपजतच होती म्हणायची. ती भाषा शिकवली बाजाराने. पहिल्याच महिन्यात एका लग्नाला गेला असता कुणी विचारलं, काय म्हणतोय बाजार, आणि हा सहज म्हणाला, निवळेल हळूहळू. दुसऱ्या दिवशी रोख्यांचे भाव उडाले. डेप्युटी गव्हर्नर आले आणि अतिशय अदबीने म्हणाले की, आपण निवळेल हा शब्द वापरू नये. मग त्याने 'निवळेल' सोडला. मग 'बरं आहे' म्हणणं सोडलं. एकदा पत्रकारांपुढे बोलताना 'स्थिर' या शब्दाच्या आधी त्याला ठसका लागला आणि त्या ठसक्यावर तीन स्तंभलेखक जगले. मग त्याने ताकाला तूर लागू न देणारी ती वाक्यं आत्मसात केली, सर्व घटकांचा साकल्याने विचार करता वगैरे. बायकोने विचारलं, जुना फ्रिज आता फार आवाज करतो, नवा घ्यायचा का, तर हा म्हणाला, परिस्थितीवर लक्ष ठेवून योग्य वेळी निर्णय घेणं उचित ठरेल. "अहो, मी फ्रिजबद्दल विचारतेय," ती म्हणाली. फ्रिज तिने घेतला. त्यानंतर ती त्याला काही विचारेनाशी झाली, आणि त्यात तिचं काही अडलंही नाही, याचा त्याला अजून राग येत असे.

बैठकीच्या दालनात सगळे येऊन बसले होते. त्याने ओली बाही टेबलाखाली धरली. कार्यकारी अधिकाऱ्याने विषय वाचला, आणि हा नेहमीप्रमाणे उठला, अध्यक्षपद सहसचिव बाईंकडे देतो आहे म्हणाला, आणि निघाला. दाराची मूठ उजव्या हाताने धरली तेव्हा बाहीतलं गार पाणी तळहातावर ओघळलं, मूठ निसटली आणि दार मागे असं आदळलं की भिंतीवरची घड्याळाची काच थरथरली असेल. पुन्हा आत जाऊन माफ करा म्हणावं असं त्याला वाटलं. पण विषय सुरू झाला होता आणि आता आत डोकावणं म्हणजे नियमभंग. तो बाहेरच्या खुर्चीवर बसला. ही खुर्ची त्याच्यामुळेच तिथे आली होती. साहेब उभे राहतात म्हणून कुणीतरी आणून ठेवली आणि मग ती तिथलीच झाली. एका वर्तमानपत्राने तिच्यावर अग्रलेख लिहिला होता. तो त्याने कापून ठेवला नव्हता, पण कुठल्या कपाटात ते वर्तमानपत्र अख्खं आहे हे त्याला माहीत होतं. या खुर्चीवर बसलं की त्याला नेहमी स्वच्छ वाटायचं. आज बाही चिकटत होती म्हणून असेल, नुसता वैताग येत होता. खिशात फोन थरथरला. दादा. त्याने तो वाजू दिला. घेतला असता तरी काय बोलणार होता? आत जे चाललंय ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही याचा मला अभिमान आहे. भावाला सांगण्यासारखं एवढंच होतं, आणि ते दादाला पाठ होतं.

दार अपेक्षेपेक्षा फार लवकर उघडलं. सहसचिव बाई बाहेर आल्या. हुशार बाई, चाळिशीच्या आतबाहेरच्या, त्यानेच निवडून घेतलेल्या. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा उजळला होता. "साहेब, झालं. शून्य," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मला सांगू नका," तो म्हणाला. आणि मग, ते कानात शिरल्यावर, "शून्य म्हणजे?"

"शुल्क पूर्ण काढलं. टप्पे नाहीत. उद्या सकाळी जाहीर होईल." त्या जवळ सरकल्या. "खरं सांगू का, आम्ही टप्प्यांवरच राहणार होतो. पण तुम्ही ज्या पद्धतीने उठलात, दार लावलंत, तेव्हा सगळ्यांनाच कळलं."

"काय कळलं?"

"की तुम्हाला त्या टप्प्यांचीच चीड आली आहे. टप्पे ठेवले असते तर उद्या लोक म्हणाले असते, भावासाठी ठेवले. तुम्ही बोलू शकत नव्हतात, आम्हाला समजतं, साहेब. एकमताने झालं."

"बाई, माझी बाही भिजली होती," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "तो नवा नळ. हात ओला होता, मूठ सटकली."

त्यांनी बाहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. "हो, साहेब," त्या म्हणाल्या. "आम्ही तसंच सांगू."

त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तसंच काय सांगू? तसंच आहे. पण बाई दार धरून उभ्या होत्या, आत सगळे त्याची वाट बघत होते, आणि तो आत जाऊन अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. मागचा विषय पुन्हा घ्या, असं म्हणायला किती वेळ लागला असता? त्याने ते वाक्य तोंडात घोळवून पाहिलं. मागचा विषय पुन्हा घ्या, दार ओल्या हातातून सुटून आपटलं. कुणाचा हात? ज्याच्या भावाचा कारखाना वाचतो त्याचा. एवढी वर्षं बाहेर बसून जे कमावलं ते त्या एका वाक्यात गेलं असतं. आणि वाक्य बोलूनही समितीने त्यातून आणखीन काहीतरी भलतंच काढलं असतं, ते वेगळंच. पुढचा विषय काचेच्या बाटल्यांचा होता. तो मूग गिळून बसला आणि बाटल्यांवर जे काय ठरायचं ते ठरलं. कागदावर सही करताना बाहीने शाई पसरली. त्याच्या समोर बसलेल्या माणसाने त्या डागाकडे पाहून मान डोलावली, आता त्या डागाचाही काही अर्थ त्याने लावला असणार. या लोकांपुढे माणसाने शिंकायचीसुद्धा सोय नव्हती. आणि कारखाना जाणार होता. हे साधं सरळ वाक्य त्याच्या मनात शेवटी आलं, बाटल्यांच्या नंतर. कारखाना जाणार होता, दादाचा, आणि आत काम करणारी नव्वद-शंभर माणसं, आणि ते त्याच्या बाहीमुळे.

गाडीने त्याला शहराबाहेरच्या त्या रस्त्यावर आणलं तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं की वहिनी म्हणाली तसं नुसतं बसायचं. निर्णय जाहीर होईपर्यंत तो कुणाला सांगायचा नाही, आणि नातेवाइकाला तर नाहीच; हा नियम त्याने आजवर भुवईनेसुद्धा मोडला नव्हता. फाटकात एक ट्रक उभा होता. मागे ताडपत्रीखाली जुने साचे रचून दोरांनी आवळले होते. एका साच्याचं टोक बाहेर आलं होतं आणि त्याने तो ओळखला, अर्ध्या इंची साध्या नळाचा, ज्याच्यावर त्यांनी घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं. भट्टीतल्या तापल्या वाळूचा तो वास आला. केबिनमध्ये दादा बसला होता, भुवयांमध्ये पितळेची धूळ, समोर दोन कप.

"आलास? बस. मगाशी फोन केला होता, म्हटलं येतोयस का. चहा तुझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितलाय," दादा म्हणाला. "साचेवाल्याचा फोन येईल आता. हो म्हटलं की ट्रक सुटला."

"सगळे दिलेस?"

"सगळे. नव्यांच्या किमतीत वजा करतोय तो. आज रात्रीच वितळवणार. ठेवून तरी काय करू? दोन्ही ठेवायला आपण काय मध्यवर्ती बँक आहोत?" दादाने टेबलाच्या खणातून नव्या नळाचा लाकडी नमुना काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. "हा बघ."

त्याने तो उचलला. सुंदर होता. मान कुठे वळवायची, जाडी कुठे कमी करायची, हे दादाला या वयात कुठून सुचलं कुणास ठाऊक. क्षणभर तो पुन्हा पिशवीवाला झाला. हा नळ कुठल्या दुकानात कुणापुढे कसा ठेवायचा ते सगळं त्याला दिसलं. तीन-चार वर्षं मिळाली असती तर हा नळ घरोघरी गेला असता. उद्या सकाळपासून याच्या निम्म्या किमतीत बाहेरचे नळ उतरणार होते. त्याने कप उचलला, पुन्हा ठेवला.

"दादा, ऑर्डर देऊ नकोस," तो म्हणाला.

बोलून झालं. छत कोसळलं नाही. काचेपलीकडे पॉलिशची चाकं घरघरत होती. दादा खुर्चीत मागे टेकला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बरं."

"बरं म्हणजे? देणार नाहीस?"

"बरं म्हणजे कळलं." दादाने आवाज खाली आणला. "अरे, तुला उघड बोलता येत नाही, हे मला समजत नाही का? तू गव्हर्नर असताना मी विचारलं होतं, पितळ घेऊन ठेवू का. तू म्हणालास, घाई करू नये असं मला वाटतं. मी त्याच आठवड्यात गोदाम भरलं. महिन्याभरात भाव कुठे गेला बघ. मग भट्टी बदलायची होती, तू म्हणालास, उत्तम वेळ आहे. मी थांबलो, आणि थांबलो म्हणून वाचलो. तेव्हापासून माझा हिशेब ठरलाय. छोट्या जे म्हणेल त्याच्या उलट धरायचं."

दोन्ही वेळा त्याला काही गुपित ठाऊक नव्हतं. दोन्ही वेळा त्याने भाऊ म्हणून मनापासून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तो सपशेल चुकला होता. हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

"दादा, ऐक. नीट ऐक," तो म्हणाला. "शुल्क शून्य झालंय. आज दुपारी. टप्पे नाहीत, काही नाही. उद्या सकाळी जाहीर होतंय."

दादाचं हसू मावळलं. त्याने नमुना टेबलावरून उचलून मांडीवर घेतला. या क्षणी दादाने शिव्या दिल्या असत्या, कप फेकला असता तरी त्याला बरं वाटलं असतं.

"तू आत होतास?" दादाने विचारलं.

"नाही. मी बाहेर बसलो होतो."

"मग तुला कसं कळलं?"

"सहसचिव बाईंनी सांगितलं. आपणहून."

दादाने श्वास सोडला. खांदे सैल झाले. "छोट्या, इतकी वर्षं तू मला काय सांगतोस? मी बाहेर जातो, आतलं विचारत नाही, कुणी सांगायला आलं तर ऐकत नाही. पेपरातसुद्धा आलं होतं ते. मग ते खोटं?"

"ते खोटं नाही. पण आज त्यांनी—"

"ते खोटं नाही ना? मग झालं तर. तू बाहेर होतास, म्हणजे तुला माहीत नाही. माहीत नाही, म्हणजे हे तू नुसतं बोलतोयस. उद्या कुणी विचारलं तर तुला म्हणता यावं, मी भावाला नकोच म्हटलं होतं. बरोबर आहे तुझं, माझी काही हरकत नाही." त्याने हात लांब करून भावाच्या खांद्यावर थोपटलं. "शून्य म्हणालास ते मात्र जरा जास्त झालं. तुमच्या खात्यात कधी एका दमात काही शून्य होतं का? एवढं ताणायची गरज नव्हती, मी आधीच समजलो होतो. आता आणखी बोलू नकोस, तुझ्याच अंगाशी येईल."

"दादा, मी तुझ्या पाया पडतो. खरं बोलतोय मी."

"तू खरंच बोलतोस. मला का माहीत नाही? म्हणून तर एवढी हिंमत करतोय," दादा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

फोन वाजला. त्याने झेप घेऊन दादाचं मनगट धरलं. दादाने दुसऱ्या हाताने त्याची बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी सोडवायचा तशी, न रागावता, आणि ओली बाही हाताला लागल्यावर, "भिजलास कुठे रे?" असं विचारून उत्तराची वाट न बघता फोन कानाला लावला.

"हो, बोला. हो, पक्कं. ट्रक सोडतो आत्ता." तो ऐकत राहिला, मग हसला. "छे हो, मागाहून कशाला नाही म्हणेन? आमचा धाकटा समोरच बसलाय."